खंड पडू नये म्हणून
लेखमाला ‘सतरंजीवरचा योग’ : लेखांक सहावा

जागतिक योगदिन २१ जूनला येतो. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १७७ देशांनी पुरस्कारलेला ठराव मंजूर झाला आणि २०१५ पासून हा दिवस आपल्याकडे शाळांच्या पटांगणांत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर, तालुक्याच्या क्रीडासंकुलांत उत्साहाने साजरा होऊ लागला. त्या दिवशी पहिल्यांदा चटईवर उभे राहिलेल्या पुष्कळांचा अभ्यास आषाढ संपता संपता थांबतो. हे इतक्या घरांत घडते की, ‘लोक आळशी असतात’ एवढे म्हणून ते सोडून देणे मला योग्य वाटत नाही. कारणे आणखी आहेत आणि ती दूर करण्याजोगी आहेत. आजचा लेखांक त्यांच्यासाठी.

एक कारण ऋतूचे आहे. घेरंडसंहितेच्या पाचव्या अध्यायात योगाचा आरंभ केव्हा करावा हे सांगितले आहे. वसंत आणि शरद हे दोन ऋतू आरंभाला योग्य. हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा यांत आरंभ करू नये, असे ती म्हणते. आपल्याकडे २१ जून म्हणजे मृग संपून आर्द्रा लागण्याचे दिवस. कोकणात आणि घाटमाथ्यावर तेव्हा फरशीला ओल येते, सतरंजी दमट राहते, पहाटे अंग जड असते, भूक मंदावते. वर्षाऋतूत अग्नी मंद होतो आणि वात वाढतो, असे आयुर्वेदही मानतो. आधीपासून चालू असलेला अभ्यास अशा दिवसांत निभावतो, नवा रुजायला मात्र कठीण जातो. आता आश्विन लागला आहे. पाऊस ओसरतो आहे आणि नवरात्राच्या निमित्ताने बऱ्याच घरांतली सकाळ आपोआप लवकर सुरू होते. जूनमध्ये सुरू करून थांबलेल्यांनी मनात कसलाही कमीपणा न आणता या पंधरवड्यात पुन्हा सतरंजी पसरावी. आणि ज्यांना हा लेख दुसऱ्याच एखाद्या ऋतूत हाती लागेल त्यांनी तेव्हाच सुरुवात करावी. पुढच्या वसंताची वाट बघत सहा महिने बसून राहण्यासाठी हा सल्ला दिलेला नाही.

योगसूत्रांच्या पहिल्या पादात, चौदाव्या सूत्रात, अभ्यास कशाने पक्का होतो हे पतंजलींनी सांगितले आहे. तो दीर्घकाळ करावा, खंड न पाडता करावा आणि आदराने करावा. पाठ किती वाकली, आसन किती मिनिटे टिकले, याचा तिथे उल्लेखही नाही. नवशिक्याचे लक्ष नेमके उलटीकडे असते. पश्चिमोत्तानासनात बोटे अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत याची खंत त्याला रोज वाटते. आठवड्यातले चार दिवस सतरंजी उघडलीच नाही, याची तितकी वाटत नाही. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून काम करणाऱ्याच्या मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असणारच. ते सैल व्हायला महिने लागतील आणि तेही वयावर, शरीराच्या ठेवणीवर अवलंबून राहील. उद्याची सकाळ चुकवायची की नाही, हे मात्र बहुतेक दिवशी आपल्या हातात असते.

याच पादातल्या तिसाव्या सूत्रात अभ्यासातले नऊ अंतराय मोजले आहेत. व्याधी, संशय, आळस ही त्यांतली ओळखीची नावे. शेवटचा अंतराय अनवस्थितत्व, म्हणजे जे जमले होते ते टिकवता न येणे. सुरू झाले, बरे वाटू लागले आणि सुटले, ही अडचण इतकी जुनी आहे. तुमच्या स्वभावातलाच काही दोष म्हणून ती तुमच्या वाट्याला आली, असे समजू नका.

‘एकवीस दिवस सलग करा, सवय लागेल’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. त्याने बरेच नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट निवडून ती दिवसातल्या एका ठरावीक प्रसंगाला जोडायची होती, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. ती गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात, असे त्यांना आढळले. पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. आणि नवशिक्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मध्ये एखादी वेळ चुकल्याने सवय लागण्यात फारसा बिघाड होत नाही, हेही त्यांत दिसले. म्हणून बाविसाव्या दिवशीही सकाळी उठून सतरंजी पसरायला मनाला बजावावे लागले, तर ते स्वाभाविक आहे. दोन-तीन महिने तसे बजावावे लागेल, हे धरूनच चला.

आता अशा एका अडथळ्याकडे येतो, ज्याबद्दल फार कमी बोलले जाते. योगाची हानी करणाऱ्या सहा गोष्टी हठप्रदीपिकेच्या पहिल्याच उपदेशात दिल्या आहेत : अति आहार, अति श्रम, वायफळ बडबड, नियमांचा आग्रह, लोकांची सततची संगत आणि चंचलपणा. यातल्या चौथ्या गोष्टीशी वाचक अडखळतो. नियमांचा आग्रह हा दोष कसा? ब्रह्मानंदांच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत याचा खुलासा आहे. पहाटे थंड पाण्याने आंघोळ, फक्त रात्रीच जेवणे, केवळ फळांवर राहणे, असले कडक नियम धरून बसणे टीकाकाराला इथे अभिप्रेत आहे. आजच्या घरांत या आग्रहाची रूपे वेगळी दिसतात. ब्राह्ममुहूर्तावर उठणे जमणार असेल तरच योग. चहा सुटल्याशिवाय योग नाही. महागडी मॅट आणि वेगळे कपडे आल्यावर सुरुवात. एक तास मिळत असेल तर करायचा, अर्धा तास मिळाला तर त्याला अर्थ नाही. असा नियम चार दिवस पाळला जातो, पाचव्या दिवशी मोडतो आणि त्याच्याबरोबर अभ्यासही मोडतो. ज्या ग्रंथाने सिद्धासनापासून कुंभकांपर्यंत इतकी कठोर साधना सांगितली, त्यानेच हा इशारा द्यावा, याचे मोल मला फार वाटते.

मग काय धरावे? वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा घरातल्या एखाद्या ठरलेल्या कामाच्या मागे जोडावी. ज्या घरात साडेसहाला नळाला पाणी येते, मुलांचे डबे सातला निघतात, तिथल्या बाईला ‘रोज सहा ते सात’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे. तिने मुले शाळेत गेल्यावर, नाश्ता करण्यापूर्वी बसावे. रात्रपाळी करणाऱ्याने झोपून उठल्यावर. ज्यांची सकाळ खरोखर मोकळी नाही त्यांनी संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की बसावे. पोट मात्र रिकामे हवे. पोटभर जेवणानंतर चार तास जाऊ द्यावेत, अर्धा कप चहा घेतला असेल तर अर्धा तास पुरे. संध्याकाळी अंग सकाळपेक्षा मोकळे असते, आसने सोपी जातात. सकाळी मन मोकळे असते. दोन्हींचा लाभ वेगळा आहे. दोन्हींपैकी तुम्हाला जी टिकेल ती चांगली.

जागेबद्दल ज्ञानेश्वरमाऊलींनी सहाव्या अध्यायात विस्ताराने लिहिले आहे. एकदा बसले की उठावेसे वाटू नये अशी ती जागा असावी, हा त्या वर्णनातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग. वन रूम किचनमध्ये एकांत मिळत नाही, तरी एक कोपरा ठरवता येतो. कपाट आणि पलंग यांच्यामध्ये हातपाय पसरण्याइतकी जागा, खिडकीची थोडी हवा, एवढे पुरते. सतरंजी माळ्यावर किंवा पलंगाच्या पेटीत ठेवू नका. त्याच कोपऱ्यात, डोळ्यांसमोर, गुंडाळून उभी करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. घरातल्यांना एकदा सांगून ठेवा की एवढा वेळ मला हाक मारू नका. लहान मुले येऊन पाठीवर बसतील, त्यांना बसू द्या, ती हळूहळू शेजारी आडवी होतात.

प्रमाणाबाबत माझे आग्रहाचे सांगणे असे : दोन अभ्यास ठरवून ठेवा. एक पूर्ण, पंचवीस-तीस मिनिटांचा. दुसरा किमान, सात-आठ मिनिटांचा. पाहुणे आले, उशीर झाला, रात्री झोप लागली नाही, अशा दिवशी किमान अभ्यास करायचा आणि त्या दिवसापुरते समाधान मानायचे. तो आधीच ठरलेला असला पाहिजे, कारण घाईच्या सकाळी ‘आज काय गाळू?’ असा विचार सुरू झाला की सगळेच गळते. माझ्या मते किमान अभ्यासात ताडासन, आडवे होऊन एकेका पायाने पवनमुक्तासन, पालथे होऊन भुजंगासन, बसून दोन्ही बाजूंचे वक्रासन आणि शेवटी दोन-तीन मिनिटे शवासन असावे. यात कणा वर ताणला जातो, पुढे आणि मागे वाकतो, दोन्हीकडे पिळला जातो. मागच्या लेखांकांत आपण पाहिलेली शलभासन, मकरासन, एकपाद उत्तानपादासन, वज्रासनातले पर्वतासन ही सारी पूर्ण अभ्यासासाठी.

यातले एकच आसन आज सावकाश बघू, म्हणजे ‘आदराने करावा’ याचा अर्थ हातापायांना कळेल. भुजंगासनात कपाळ जमिनीला टेकलेले, तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपरे बरगड्यांजवळ. आधी डोके उचला, मग मान, मग छाती. कण्याचा एक एक मणका वरून खाली क्रमाने वळतो आहे, असे ध्यान ठेवा. वर जाण्याचे काम पाठीच्या स्नायूंनी करायचे, तळव्यांवर भार अगदी थोडा. पाहायचे असेल तर वर गेल्यावर तळवे क्षणभर जमिनीपासून सोडवून बघा. शरीर किती खाली येते, त्यावरून पाठ किती काम करते आहे ते समजेल. बेंबी जमिनीलाच राहते. खांदे कानांकडे चढू देऊ नका. श्वास न रोखता तीन-चार श्वास थांबा आणि उलट क्रमाने, आधी छाती, मग मान, मग कपाळ, असे सावकाश खाली या. वर जाण्याइतकाच वेळ खाली येण्याला द्या. नवशिकी माणसे खाली येताना अंग सोडून देतात आणि आसनाचा निम्मा लाभ तिथेच हातचा जातो.

सावकाशपणाचे कारण शरीररचनेतही आहे. स्नायूंच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म ग्राहक असतात. स्नायू झटक्याने ताणला की ते मज्जारज्जूकडे इशारा पाठवतात आणि स्वसंरक्षणासाठी तोच स्नायू आकसतो. म्हणजे हिसका देऊन पायाचा अंगठा पकडणारा माणूस स्वतःच्याच स्नायूशी झगडत असतो. हळू ताणले आणि थोडे थांबले की हा विरोध ओसरतो. श्वासाचेही असेच. उच्छ्वास चालू असताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून लांब, शांत उच्छ्वासाने मन निवते असा अनुभव येतो. आसनात श्वास तुटू लागला, चेहरा आवळला, दात दाबले गेले, तर मर्यादा ओलांडली असे समजावे आणि थोडे मागे यावे.

आसनांत स्नायूंना दमवायचे नसते, हे आपल्याकडे सर्वांत स्पष्टपणे मांडले ते स्वामी कुवलयानंदांनी. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. तरुणपणी बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांकडे ते भारतीय व्यायामाचे शिक्षण घेत होते, पुढे नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासांकडे योग शिकले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत काय घडते, हे त्यांनी उपकरणांनी मोजले. नौलीत मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे दाखवून त्या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. व्यायामशाळेत तयार झालेला हा माणूस आसने सौम्यपणे, बेताने करायला सांगतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. घामाघूम होण्यासाठी दंडबैठका आहेत, सूर्यनमस्कार आहेत, टेकडी चढणे आहे. तेही जरूर करावे. पण आसने संपवून उठताना अंगात ताकद उरलेली असली पाहिजे, तरच दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावेसे वाटते.

ज्यांना वाटते की आपले शरीर योगासाठी बनलेलेच नाही, त्यांनी बी. के. एस. अय्यंगारांचे बालपण आठवावे. लहानपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी ते खंगलेले होते. म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकून १९३७ साली, वयाची विशी गाठण्याआधीच, ते पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत पुणे हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. भिंत, खुर्ची, पट्टा, लाकडी विटा, दोऱ्या, घड्या घातलेली घोंगडी यांच्या आधाराने आखडलेल्या, आजारी, वृद्ध माणसालाही आसनाचा लाभ मिळवून देण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. घरी तुम्हालाही हे सहज करता येईल. मांडी घालताना गुडघे छातीकडे वर येत असतील तर बैठकीखाली दुमडलेली चादर घ्या. वज्रासनात घोटे दुखत असतील तर त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. वृक्षासनात तोल जात असेल तर भिंतीला पाठ लावा. आधार घेण्यात कमीपणा नाही.

खंड पडतोच, तेव्हा काय करावे हेही आधी ठरलेले असावे. दिवाळी तोंडावर आहे. फराळाची तयारी, पाहुणे, गावी जाणे, या सगळ्यांत आठवडा निघून जाईल. दुसऱ्याच्या घरी सतरंजी पसरणे अवघड वाटत असेल तर गादीवर बसून वक्रासन, दाराशी उभे राहून ताडासन आणि झोपण्यापूर्वी अंथरुणातच शवासन करा. त्या दिवसापुरता तोच अभ्यास. ताप आला असेल तर मात्र विश्रांतीच हवी. उतरल्यावर अशक्तपणा जाईपर्यंत दोन-तीन दिवस पवनमुक्तासन आणि शवासन एवढेच. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एका सकाळी दुप्पट अभ्यास कधीही करू नये. दुसऱ्या दिवशी अंग ठणकते आणि पुन्हा चार दिवस जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच, अभ्यास झाला की एक खूण करा. किमान अभ्यास झाला तरी खूण तीच. ओळीने दोन चौकोन रिकामे दिसले की तिसऱ्या दिवशी काहीही करून बसायचे, एवढा एक नियम मी सर्वांना सांगतो.

काही पथ्ये न पाळली तर अपाय होतो, म्हणून ती इथे पुन्हा देतो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी डोके खाली जाणारी आसने, श्वास रोखणे, जोरकस कपालभाती आणि भस्त्रिका टाळावीत. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, विपरीतकरणी करू नये, त्यांत डोळ्यांतला दाब वाढतो. कमरेच्या मणक्यांतली चकती सरकलेली असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील तर पुढे वाकणारी आसने वैद्यकीय सल्ल्याशिवाय नकोत. मानेच्या दुखण्यात हलासन नको. पाळीच्या दिवसांत उलटी आसने आणि पोटावर दाब देणारी आसने सोडून विश्रांतीच्या आसनांवर भर द्यावा, असे परंपरेने सांगितले आहे. गरोदरपणात स्वतःच्या मनाने काहीही सुरू करू नये.

व्हिडिओ बघून शिकावे का? क्रम आठवायला ठीक आहे. पण पडद्यावरच्या शिक्षकाला तुमची पाठ दिसत नाही. निदान पहिले दोन-तीन महिने समोर बसून शिकवणाऱ्याकडे जावे. महाराष्ट्र याबाबतीत खरोखर भाग्यवान आहे. माधवदासांचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली सुरू केलेली योग इन्स्टिट्यूट सांताक्रूझला आहे, लोणावळ्याला कैवल्यधाम, पुण्यात अय्यंगारांची संस्था, ठाण्यात घंटाळी मित्रमंडळ, नागपुरात रामनगरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ. लहान गावांतही यांच्यापैकी कुणाकडे तरी शिकलेला शिक्षक बहुधा सापडतो. शिक्षक निवडताना एकच पाहा : तुमच्या दुखण्यांची चौकशी तो पहिल्या दिवशी करतो की नाही. करत नसेल तर दुसरा शोधा.

पुढच्या लेखांकात श्वासाकडे वळू आणि कुंभक न करता अनुलोम-विलोम कसा करायचा ते पाहू. त्यासाठी पाठ ताठ ठेवून दहा मिनिटे बसण्याची तयारी लागेल, म्हणून या आठवड्यात रोज शवासनानंतर दोन मिनिटे मांडी घालून किंवा खुर्चीवर नुसते बसा. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा : अभ्यास कोणत्या कामानंतर करणार, कोणत्या कोपऱ्यात करणार आणि तुमच्या किमान अभ्यासात काय काय असेल.